वेगळी लाईन

पुतणीच्या लग्नपत्रिकेच्या आतल्या कोऱ्या पानावर
कल्लाप्पा धामणेकर खोलीचा नकाशा काढतो.
"बोर्डापासनं खिडकीपर्यंत अकरा मीटर.
चार स्क्वेअरची वायर घालू. दोन लाईनी.
एक अँप्लिफायरला, एक तुझ्या रेकॉर्डच्या मशीनला,
दोन्ही एकाच फेजवर.
पंखा, दिवे, फ्रीज सगळं तिकडं बाहेर.
त्यांची भांडणं त्यांनी तिकडं भांडूंदे."
मग जरा थांबून, पेन कानामागं खोचत:
"पण कशाला की एवढं?"
"घरघर नको रे, कल्लाप्पा."
तो हसतो. वडगावात जन्मलेल्या माणसानं
घरघर नको म्हणावं!

या खोलीत चार माग होते.
बोल्टांची भोकं सिमेंटनं बुजवली,
तरी दमट हवेत ती काळी होऊन वर येतात,
सोळा.
तेव्हा लाईन एकच, जाड, तीन फेजची.
ती गेली की अख्ख्या गल्लीला एकदम कळायचं
की आपण किंचाळतोय,
आणि माणसं अर्ध्या शब्दावर ओशाळून गप्प.
एरवी बोलणं हातांनी.
एक बोट वर: धागा तुटला.
दोन बोटं: चहा.
मूठ उघडून मिटली: सूतवाला आलाय, आण्णा घरात नाहीत म्हण.
घरात मराठी होती, दारात कानडी,
आणि ही तिसरी,
जिच्यासाठी कुठल्याच पाटीवर कुणी भांडलं नाही.

माग किलोच्या भावानं गेले.

लाईनमन मीटर बघायला आला.
"लोड एष्टु री?"
मी आकडा सांगितला.
"ईग मग्ग इल्लेन्री?"
मग्ग म्हणजे माग; शब्दसुद्धा
दोन्हीकडं तसाच आपटतो.
"इल्लरी," मी म्हणालो, "हाडु केळोदु."
गाणी ऐकायची आहेत म्हटल्यावर
तो माझ्याकडं बघतच राहिला,
मग फरशीकडं.

मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा:
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
मधे उभा तांब्याचा पत्रा.
"वहिनी, रोज तांब्याभर पाणी घाला,
तुळशीला घालताय तसं."
मालन म्हणाली, "आणि हळदकुंकू?"
कल्लाप्पा गंभीरपणे म्हणाला,
"नको. नुसतं पाणी बस."

शनिवारी रात्री जोडलं.
रेकॉर्ड लावली नाही. नुसता आवाज पूर्ण वाढवला
आणि बसलो, श्वास धरून.
"येतीय," मी म्हणालो. "बारीक. घुं करून."
त्यानं स्पीकरच्या जाळीला कान लावला.
"न्हाई."
"येतीय रे."
करंटची वायर सिग्नलच्या वायरीला समांतर जात होती का?
नव्हती; काटकोनातच ओलांडलेली.
मीटर लावला, अर्थ अर्ध्या ओहमच्याही खाली.
प्लग उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.
मग एकेक एमसीबी पाडत गेला,
दिवे, पंखा, स्वयंपाकघर.
"आता?"
"आहे."
शेवटी मेनच ओढला.
फ्रीज एकदा थरथरला आणि मेला.
शेजारच्या बिर्ज्यांचे माग तर दिवाळीपासूनच बंद.
लांब कुठंतरी गोव्याच्या रस्त्यावर
एक ट्रक गिअर बदलत होता.
"आता?"

मी उत्तर दिलं नाही.
द्यायची गरज नव्हती; तोही पोरवयात
याच खोलीत कांड्या भरायचा.
त्याला माहीत आहे आण्णा शेवटची दहा वर्षं
कशाकडं मान तिरपी करून बसायचे.

मोबाईलच्या उजेडात तो फरशीवर बसला,
पक्कड मांडीवर, बुजवलेल्या भोकाशेजारी.
काही बोलला नाही.
एक बोट वर केलं.

मी दोन केली.